भीमाबाईच्या कार्डावरची पोर

भीमाबाई कशाकशाला भीत नाही ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. साजगावच्या एका कारखान्यात ती कंत्राटावर झाडलोट करते. तिथं एकदा गोदामाला आग लागली तेव्हा धडधाकट पुरुष गेटाबाहेर पळाले आणि ही बाई वाळूची बादली घेऊन आत गेली. घरात घोणस निघाली तर ती कुणाला हाक मारत नाही, काठी शोधते. नवरा लग्नानंतर चार वर्षांत दारूपायी गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा ती माहेरी परत आली आणि कुणाचं एक वाक्य ऐकून न घेता राहिली. पण शिक्का मारलेल्या कागदाला मात्र ती भिते. विजेचं बिल आलं तरी आधी ते माझ्याकडे आणणार आणि विचारणार, यात माझं काय चुकलंय का ते बघा.

मी म्हणजे काळूराम गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं मास्तरकी केली. खोपोलीजवळच्या आमच्या बौद्धवाडीत तिच्या घराला लागूनच माझं घर आहे, दोघांच्या दारात कपडे वाळत घालायची दोरी एकच. वाडीतले लोक मला शहाणा समजतात. ही हकिगत वाचून तुमचा तरी तसा समज होणार नाही.

तिचा धाकटा भाऊ प्रीतम माझ्याच हाताखाली चौथीपर्यंत शिकला. पुढं रंगारी झाला. बावीसेक वर्षांपूर्वी जेट्टीची कामं करणारा एक ठेकेदार त्याला अंदमानला घेऊन गेला. सहा महिन्यांसाठी म्हणून गेलेला माणूस तिकडचाच झाला. मायाबंदर नावाच्या गावी तो राहतो. पोर्ट ब्लेअरला उतरायचं आणि तिथून पुन्हा दिवसभर उत्तरेला जायचं, तेव्हा ते गाव येतं. रांचीकडून येऊन तिथं वसलेल्या एका घरातली मुलगी त्यानं केली आणि त्यांना एक लेक झाली. तिचं नाव अपेक्षा.

आता रेशनकार्डाचं सांगतो, कारण सगळं रामायण तिथूनच सुरू होतं. आमच्याकडे कार्डावरचं नाव दोनच वेळा कमी होतं, मुलगी सासरी गेली की नाहीतर माणूस मेलं की. त्यामुळं प्रीतम बेटावर राहिला तरी त्याचं नाव कापून आण म्हटल्यावर भीमाबाई माझ्यावरच तापली. जित्या माणसाचं नाव कापू का, म्हणाली. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेली, अपशकुन-बिपशकुन म्हणणाऱ्याला फैलावर घेणारी बाई, पण भावाचं नाव कापायचं म्हटलं की ती कार्ड पदराखाली घ्यायची. नाव कापलं तर भाऊ परत यायचा नाही, असं काहीतरी तिच्या मनात होतं. बरं, नुसतं ठेवून गप्प बसावं ना. अपेक्षाचा जन्म झाल्याचा फोन आला, त्याच महिन्यात हिनं पोरीचंही नाव कार्डावर चढवून आणलं. तेव्हा कोण एवढं विचारत होतं. पोर तिकडे रांगायला लागली, शाळेत गेली, समुद्रात पोहायला शिकली, आणि इकडे तिच्या नावचे तांदूळ दर महिन्याला भीमाबाईच्या डब्यात पडत राहिले. कारखाना बंद होता त्या लॉकडाऊनच्या दिवसांत त्याच तांदळावर तिनं दिवस काढले, हेही खरं.

गेल्या वर्षी अपेक्षा बारावी झाली. तिला नर्सिंगची पदवी करायची होती. मायाबंदरला तसलं कॉलेज नाही, पोर्ट ब्लेअरच्या थोड्या जागांत तिचा नंबर लागला नाही. म्हणून प्रीतमनं तिला मे महिन्यात आत्याकडे धाडलं. सावळी, उंच, केस आखूड, हसली की एक दात पुढं दिसतो. बोलणं मराठी-हिंदीची मिसळ, कारण मराठी ती फक्त बापाशी आणि फोनवर आत्याशी बोललेली. भीमाबाईनं काय करावं, तर स्टेशनवरून घरी आणायच्या आधीच पोरीला रेशन दुकानात नेलं. कार्डावरच्या सगळ्यांचे अंगठे घ्यायचे चालले होते ना. पोरीचा अंगठा मशीनवर उमटला आणि भीमाबाईचा जीव भांड्यात पडला. अठरा वर्षांनी का होईना, कार्डावरची पोर दुकानदाराला दिसली.

कर्जत तालुक्यातल्या एका कॉलेजात तिचं नाव यादीत लागलं. पहिल्या वर्षी मुलींनी होस्टेललाच राहायचं असा तिथला नियम, तो आम्हाला चालणार होता. अडलं ते फॉर्मच्या एका रकान्यात. राज्यातला विद्यार्थी की राज्याबाहेरचा. बाहेरच्यांची फी तिपटीच्या वर, आणि सरकारची सवलत फक्त आतल्यांना. प्रीतमच्या रंगाच्या ब्रशानं ती फी सात जन्मांत फिटली नसती. तो रकाना वाचून माझं डोकं फिरलं होतं. बेटावर जे कॉलेज नाही ते शिकायला पोर समुद्र ओलांडून येते आणि आपण तिला म्हणतो, तू बाहेरची, तू जास्त भर. तिकडे प्रीतमला स्थानिकाचं कार्ड कधी मिळालं नाही, त्यांच्या लेखी तो मुख्य भूमीवरचा. म्हणजे पोर तिकडे इकडची आणि इकडे तिकडची. समुद्रात कुठं मधोमध कॉलेज असतं तर तिथंच तिला पूर्ण हक्कानं शिकता आलं असतं.

खालापूरला तहसील कचेरीबाहेर फॉर्म भरून देणाऱ्या साईराजकडे आम्ही गेलो. पोरगा हुशार आहे आणि त्याला घाई फार असते. त्यानं रेशनकार्ड पाहिलं आणि खुशीत आला. म्हणाला, हिचं नाव तर जन्मापासून इथं आहे, मग अडचण काय. पंधरा वर्षं इथं राहते असं लिहू, डोमिसाइल मिळून जाईल. त्यानं टपाटप टाइप केलं, भीमाबाईला सही कुठं करायची ते दाखवलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. मग साईराजनं दुसरा कागद माझ्यापुढं केला. सदर मुलगी जन्मापासून या गावी राहत असल्याचं मला माहीत आहे, असं त्यावर होतं. सन्माननीय निवृत्त शिक्षक म्हणून खाली माझं नाव. मी चष्मा लावून वाचला आणि सही केली. न वाचता केली असती तर निदान आज सांगायला तोंड राहिलं असतं.

दाखला मिळाला. कॉलेजनं तात्पुरता प्रवेश दिला, राज्यातली विद्यार्थिनी म्हणून. भीमाबाईनं वाडीत पेढे वाटले. अस्सल कागदपत्रांची तपासणी नंतर होणार होती आणि मायाबंदरच्या शाळेचा दाखला पोस्टानं यायचा होता. तो आला एका मंगळवारी. भीमाबाई पाकीट न फोडता माझ्याकडे घेऊन आली. मी वाचून दाखवलं. शाळेचं नाव, पहिलीत दाखल, बारावी उत्तीर्ण, मधली सगळी वर्षं तिथंच हजर. एका कागदावर पोर जन्मापासून आमच्या वाडीत होती आणि दुसऱ्यावर बारा वर्षं मायाबंदरला. आता हे दोन्ही कागद एकाच फायलीत लागणार होते.

"गुरुजी," ती हळूच म्हणाली, "खोट्या सहीला किती दिस आत ठेवत्यात?"

खोटं कशाला बोलू, मला तेव्हा तिची नाही, माझी काळजी वाटली. माझी पेन्शन, वाडीतला माझा मान, बुद्धविहारात पहिल्या रांगेतली माझी जागा. मी तिला म्हटलं, काही होत नाही, एवढे कागद कोण वाचतो. म्हटलं खरं, पण त्या दिवसापासून दारात मोटरसायकल थांबली की माझा चहा कपातच राहायचा.

भीमाबाईची तर पार दैना झाली. कारखान्यात कुणीतरी सांगितलं की खोट्या कागदावर प्रवेश घेतलेल्या एका मुलाला कॉलेजनं काढलं आणि वर पोलीस केस झाली. कुठल्या कॉलेजचा, कोण मुलगा, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. तिला तेवढं पुरलं. पुरवठा खात्याची जीप रस्त्यानं जाताना दिसली म्हणून तिनं कार्ड तांदळाच्या पिंपात खुपसून ठेवलं. खोपोलीत पोलीस ठाण्यावरून जायचा रस्ता सोडून ती लांबच्या वाटेनं कामावर जायला लागली. जेवण तुटलं. अठरा वर्षांच्या तांदळाचा हिशेब मागितला तर कुठून देऊ, हे ती दिवसातून दहा वेळा विचारायची. आणि मग तिनं तेच केलं जे घाबरलेली माणसं करतात. पहिलं खोटं टिकावं म्हणून दुसऱ्याची तयारी सुरू केली.

ती अपेक्षाला इकडची करायला निघाली. रोज संध्याकाळी कामावरून आली की ओटीवर बसवून विचारायची, कुठं राहतेस. पोर म्हणायची, इधर ही, आत्याके... आत्याकडे. की भीमाबाई तिला थांबवायची.

"तसं नाय गं. हितंच ऱ्हाते, आत्याकडं, ल्हानपणापास्नं. बोल."

पोर बोलायची. आहे म्हणाली की भीमाबाई हाय म्हणवून घ्यायची, नाही म्हणाली की नाय. खालापूर, खोपोली, साजगाव, कुठला रस्ता कुठं जातो, शाळेचे बाई-मास्तर कोण, सगळं पाठ करून घेतलं. पहिले दोन दिवस अपेक्षाला गंमत वाटली. ती माझ्याकडे बघून हसायची आणि मीही मोठा विनोद चालल्यासारखा हसायचो. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं की आईचं काय सांगायचं, ती तर कधी इकडे आलीच नाही. भीमाबाई म्हणाली, तिचं नाव काढायचंच नाही, मायाबंदर हा शब्दच तोंडातून बाहेर येता कामा नये. त्यानंतर आईचा फोन आला की ती घरामागं जाऊन बोलायची, अगदी दबक्या आवाजात. आईशी बोलणं हा चोरीचा मामला होऊन बसला, आणि ते मला माझ्या खिडकीतून दिसत होतं. मी खिडकी लावून घेतली.

तपासणीच्या दिवशी आम्ही तिघं कर्जतला गेलो. कॉलेजच्या कार्यालयात ऋतिका मॅडम म्हणून एक तरुण बाई होती. चेहऱ्यानं प्रेमळ, कामात पक्की. तिनं फाईल उघडली, एकेक अस्सल कागद लावून पाहिला. दहावी, बारावी, डोमिसाइल. मग मायाबंदरच्या शाळेचा दाखला हातात घेतला आणि तो डोमिसाइलच्या शेजारी ठेवला. मॅडमनी काही आवाज चढवला नाही. तिनं फक्त अपेक्षाला विचारलं, कुठं राहतेस.

"हितंच ऱ्हाते मॅडम. आत्याकडं. ल्हानपणापास्नं."

चौतीस वर्षांत इतकं बिनचूक पाठांतर मी ऐकलं नाही. पोरीचा आवाज कापला नाही, डोळे खाली गेले नाहीत. शाबासकी मिळावी म्हणून तिनं आत्याकडे पाहिलं. आणि त्याच क्षणी भीमाबाई खरी घाबरली. तोवर तिला कागदाची भीती होती. आता तिला दिसलं की या खोट्यात पोरही सापडली, तिच्या तोंडून ते खोटं निघालं, आणि केस झाली तर पोरीवरही होणार. हे मी माझ्या मनानं सांगत नाही, तिनं नंतर मला असंच सांगितलं.

मॅडम तिच्याकडे वळली. म्हणाली, मावशी, ही मुलगी तुमच्याकडेच राहते ना.

प्रश्न साधा होता आणि त्याचं खरं उत्तर होय असं होतं. अडीच महिने पोर तिच्याकडेच राहत होती. तिच्या चटईवर झोपत होती, तिच्या हातचं खात होती, तिचे कपडे आमच्या दोरीवर वाळत होते. पण भीमाबाई उठून उभी राहिली आणि हात जोडून म्हणाली,

"नाय बाई. ती हितली नाय. आमची नाय ती, बेटावरची हाय. कार्डावरचं समदं खोटं हाय, मी केलंय. तिला काय बी म्हाईत नाय."

अपेक्षा आत्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी पुसलं गेलं एवढं मला कळलं, आणि मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघायला लागलो. माझ्या सहीचा कागद तिथंच पडला होता. मॅडमनी तो उचलून विचारलं, हे काळूराम कोण. तेव्हा कुठं मी म्हणालो, मीच. विचारलं नसतं तर मी बोललो असतो का? नसतो बोललो.

मॅडमनी पोलिसांना फोन केला नाही. तिनं फॉर्म उलटा केला आणि मागच्या बाजूला बोट ठेवलं. आई किंवा वडील मूळचे या राज्यातले असतील, तर त्यांच्या जन्माचा, शाळेचा पुरावा आणि त्यांचं डोमिसाइल चालेल, असं तिथं छापलेलं होतं. बारीक अक्षरात, पण मराठीत. वडील कुठले, तिनं विचारलं. मी म्हणालो, आमच्या वाडीतले, माझ्याच शाळेत होते. तिनं फॉर्म माझ्यापुढं सरकवला. ज्या पोराचं नाव शाळेच्या रजिस्टरात मी स्वतः शाईनं लिहिलं होतं, त्याच्या लेकीसाठी तो उतारा काढायचं सोडून मी खोटी सही करून बसलो होतो. फॉर्मची मागची बाजू ना साईराजनं वाचली, ना मी.

हा डोमिसाइलचा दाखला लेखी परत घ्या, वडिलांचे कागद बारा दिवसांत आणा, नाहीतर मला तिला बाहेरच्या यादीत टाकावं लागेल, असं मॅडम म्हणाली. आम्ही आणले. प्रीतमनं मायाबंदरहून मोबाईलवर स्वतःच्या डोमिसाइलचा अर्ज केला, मी शाळेत जाऊन उतारा काढला, दहाव्या दिवशी सगळं जमलं. अपेक्षाची जागा राहिली, फीसुद्धा राज्यातल्यांचीच. मायाबंदरच्या शाळेत तिच्या शेजारी बसलेलं एखादं मूल, ज्याचा बाप आमच्या वाडीत नाही तर तिकडेच जन्मला, त्याला ही मागची बाजू काही कामाची नव्हती, हेही मला तेव्हाच कळलं. खोटं डोमिसाइल परत करताना रेशनकार्डाचंही निघालं. त्याबद्दल चौकशीला बोलावू, असं पुरवठा खात्यानं भीमाबाईला सांगितलंय. अजून बोलावलेलं नाही. ती रोज वाट बघते आणि रोज घाबरते.

पण मला सांगायचंय ते तपासणीच्या दिवशीच्या परतीचं. कर्जतहून खोपोलीची गाडी दुपारची, डबा जवळजवळ रिकामा. तिघं तीन खिडक्यांशी बसलो. घरी आल्यावर भीमाबाई पोरीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, तुला वाचवायला बोलले गं मी. अपेक्षा म्हणाली, कळतं मला, आत्या. तिनं चिडायला हवं होतं, भांडायला हवं होतं. ती तशी काही वागली नाही. भाकऱ्या थापू लागली, पाणी भरून आणलं, आत्याचे पाय दाबले. फक्त हाय आणि नाय तिच्या तोंडून पुन्हा कधी आलं नाही, आणि आईचा फोन ती आता ओटीवर बसून सगळ्यांदेखत घेते.

होस्टेलला जायच्या आदल्या दिवशी सकाळी ती माझ्याकडे आली. हातात एक फॉर्म होता. गुरुजी, यहाँ सही पाहिजे, म्हणाली. स्थानिक पालक अशा रकान्यात तिनं आधीच माझं नाव लिहून ठेवलं होतं. मी म्हटलं, अगं, आत्या असताना माझं कशाला.

"आत्या कागदाला घाबरते," ती शांतपणे म्हणाली. "परत कोणी विचारलं तर परत नाही म्हणेल."

मी सही केली. आयुष्यातली सर्वात खरी सही आणि ती करताना मला चोरट्यासारखं वाटत होतं. मान वर केली तर दारात भीमाबाई उभी. पोरीच्या धुतलेल्या चादरी हातात, घडी घालून. तिनं विचारलं, कसला कागद हाय. मी सगळा वाचून दाखवला, लपवून काय करणार. विद्यार्थिनीचं नाव, वडिलांचं नाव, स्थानिक पालकाचं नाव. खालचा नियमही वाचला, की रविवारी भेटायला फक्त नोंद असलेल्या पालकालाच आत सोडतील.

"बरं झालं," ती म्हणाली. "माझी सही नकोच कुठं."

चादरी तिनं खुर्चीवर ठेवल्या, एक कोपरा दुमडला होता तो सरळ केला. जायला निघाली आणि उंबऱ्यात थांबली. विजेचं बिल घेऊन येते ना, तोच चेहरा, तोच आवाज.

"मंग गुरुजी, मी भेटाया गेले तर गेटावर काय सांगू? कोण म्हनून जाऊ?"

अपेक्षा फॉर्मची घडी घालत होती. तिनं ऐकलं, घडीवरून नख फिरवलं आणि खुर्चीवरच्या चादरी उचलून घेतल्या.